चाँदावरची अजान आणि आमचा स्टीलचा पेला

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आमच्या घरात कधी नव्हे ती शांतता होती. एरवी त्या वेळेला हायवेची वर्दळ, गांधीनगरच्या बाजारातून परतणारे टेम्पो आणि उजळाईवाडीला उतरणारं एखादं विमान यांच्या गोंगाटात उचगावात टीव्ही ऐकू येणं मुश्किल. त्या दिवशी मात्र असरची नमाज आटोपून आम्ही सगळे पडद्यापुढं श्वास रोखून बसलो होतो. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद टेकलं. पोरांनी उड्या मारल्या. बेगमनी डोळे पुसले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर शेवटच्या क्षणी कोसळलं तेव्हाही त्यांनी पुसले होते, त्यामुळे हिशेब पुरा झाला.

अम्मी तसबीह फिरवत शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "उतरे क्या चाँद पे?"

"हां अम्मी, उतरे."

"तो अब ईद का चाँद उनोच बता देंगे. छत पे चढने का झंजट नै."

आम्ही हसलो, पण अम्मींचा प्रश्न वाजवी होता. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात दर रमजानला आम्ही छतावर उभे राहून ढगांकडे बघतो आणि मग दहा ठिकाणी फोन करून विचारतो, "दिसला का हो?" याचं कारण असं की चंद्र कुठं आहे हे गणित सांगतं, पण तो डोळ्यांना दिसणं ही वेगळी गोष्ट. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून महिना कधी २९ चा तर कधी ३०चा. एकोणतीसच्या संध्याकाळी चंद्राची कोर केसासारखी बारीक असते, सूर्यापाठोपाठ लगेच मावळते, आणि तेवढ्या वेळात आभाळ साफ असावं लागतं. कोल्हापूरचं आभाळ पावसाळ्यात कुणाचं ऐकत नाही. तेव्हा अम्मींना सांगितलं, छतावर चढणं चालूच राहील.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मोबाइल उघडल्यावर झाला. चांद्रयानाला चंद्रावर पोचायला चाळीस दिवस लागले होते. आमच्या खानदानाच्या ग्रुपवर जे मेसेज येऊन धडकले, त्यांना चाळीस मिनिटंही लागली नसावीत. एकात चंद्रावरच्या भल्यामोठ्या भेगेचा फोटो, आणि खाली 'नासाने मान्य केले'. दुसऱ्यात चंद्रावरून मक्का-मदिना ही दोनच ठिकाणं चमकताना दिसतात अशी बातमी. आणि तिसरा आमचा जुना दोस्त : नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर अजान ऐकली, पुढं कैरोत तोच आवाज कानी पडला आणि त्यानं इस्लाम कबूल केला. या मेसेजांखाली 'सुबहानल्लाह' लिहिणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या मेहुण्यांचा आणि दुसरा, खोटं कशाला बोला, आमचाच.

आर्मस्ट्राँगला आम्ही जुना दोस्त म्हणतो, कारण सातवीत असताना मिलादच्या जलशात आम्ही हेच भाषण ठोकलं होतं. "और फिर चाँद की खामोश वादी में एक आवाज गूँजी..." म्हणून आम्ही दोन्ही हात वर केले, तेव्हा बुजुर्गांच्या डोळ्यांत पाणी आलं. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला, वर आमचं नाव कोरलेलं. पुढं बी.एड. झालो, उर्दू-मराठीचे मास्तर झालो आणि हे भाषण वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेत राहिलो. बक्षिसं येत राहिली. चालत्या गाडीला खीळ कोण घालतो?

खीळ घातली आठवीतल्या एका मुलीनं. त्या वर्षी मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला येत होती. जुलूस आणि विसर्जनाची गर्दी एकत्र नको म्हणून सरकारनं ईदची सुटी २९ ला दिली. आम्हाला वाटलं, तयारीला एक दिवस जास्त मिळाला. भाषणाचा कागद त्या मुलीच्या हातात दिला. तिनं तो उभ्याउभ्या वाचला आणि विचारलं, "सर, चंद्रावर हवा नाही ना? मग आवाज कसा आला?"

वर्गात सुई पडली तरी ऐकू आली असती, कारण वर्गात हवा होती.

आम्ही भाषेचे मास्तर असलो तरी ध्वनीला माध्यम लागतं एवढं आम्हालाही पाठ होतं. चंद्रावरचे अंतराळवीर एकमेकांशेजारी उभे राहूनही रेडिओवरूनच बोलत होते. पण तीस वर्षांचा पेला एका वाक्यात कसा सोडायचा? आम्ही म्हणालो, "बेटा, अल्लाहच्या कुदरतीपुढं हवा काय चीज आहे! बस खाली."

ती बसली. वाद घातला नाही, तोंडही वाकडं केलं नाही. नुसती बसली. तिचं ते मुकाट बसणं आम्हाला घरापर्यंत पुरलं. अल्लाहचं नाव आम्ही घेतलं होतं, पण ते आपलं अज्ञान झाकायला. आणि पोरगी काय शिकली? दीनच्या गोष्टीत अक्कल वापरली की खाली बसवतात, हे.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदाच शोध घेतला. आर्मस्ट्राँग २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरले आणि २५ ऑगस्ट २०१२ ला वारले. मधल्या काळात त्यांना या अफवेचा अनेकदा इन्कार करावा लागला. १९८३ मध्ये तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं आपल्या वकिलातींना तसं कळवलं होतं. म्हणजे आम्ही सातवीत हात वर करून गरजलो, त्याच्या बरीच वर्षं आधी. ते लेबनॉनला राहायला गेले म्हणून मुसलमान झाले, असाही एक पुरावा दिला जातो. राहायला गेले होते खरे, पण ते लेबनॉन ओहायो राज्यातलं गाव आहे. उद्या कुणी उचगावच्या शेजारच्या गांधीनगरात दुकान थाटलं, तर त्याला गुजरातचा मंत्री म्हणायचं का?

भेगेचंही तसंच. ती रीमा आरियाडेयस नावाची सुमारे ३०० किलोमीटर लांबीची घळ आहे. जमीन खचून अशा शेकडो घळी चंद्रावर तयार झाल्या आहेत. शक्कुल कमरवर आमचा ईमान आहे. पण तो मोजिजा आहे, आणि मोजिज्याला नासाची पावती लागत नाही. खरं दुखणं तिथंच आहे. जगानं आपल्याला मागास म्हणून म्हणून इतकं पिडलंय की, एखादा गोरा 'तुमचं बरोबर आहे' म्हणाला की आपण विरघळतो. अजानला आर्मस्ट्राँगची साक्ष कशाला हवी? उचगावात ती दिवसातून पाच वेळा ऐकू येते. फज्रला आम्ही कुठं असतो, हे आमच्या बेगमना विचारा.

मग आठवली ती हिजरी १० मधली हकीकत. हुजूर (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. मदिनेत लोक म्हणू लागले, हुजूरांच्या मुलासाठी सूर्यसुद्धा काळवंडला. विचार करा, बाप दुःखात आहे, लोक आपणहून करामत बहाल करताहेत, नुसतं गप्प राहिलं तरी चालणार आहे. पण हुजूर (स.) गप्प राहिले नाहीत. त्यांनी लोकांना समजावलं की सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं त्यांना ग्रहण लागत नाही. ज्यांनी स्वतःच्या लेकराच्या नावावर खोटी करामत चढू दिली नाही, त्यांच्या मिलादला आम्ही खोटी करामत सांगून पेले जिंकत होतो. खबर आली तर आधी तहकीक करा, हा सूरह हुजुरातमधला हुकूम आम्ही मुलांना शिकवतो. फॉरवर्डचं बटण दाबताना तो आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "काल मी चुकीचं उत्तर दिलं. प्रश्न बरोबर होता." मुलं गोंधळली. मास्तर चुकलेलं त्यांनी पाहिलं होतं, कबूल करताना पाहिलं नव्हतं. मग फळ्यावर चंद्र काढला आणि मुसलमान तिथं खरोखर कसे पोचले ते सांगितलं. चंद्रावरच्या एका विवराला प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या इब्न-अल-हैसमचं नाव आहे, एकाला समरकंदच्या उलुग बेगचं, ज्यानं हजारावर ताऱ्यांची यादी केली. हिंदुस्थानावर किताब लिहिणाऱ्या अल-बिरुनीचं विवर तर पलीकडच्या, इथून न दिसणाऱ्या बाजूला आहे. ही माणसं रात्र रात्र जागून मोजमाप करत राहिली, म्हणून त्यांची नावं तिथं आहेत. आणि १९८४ मध्ये राकेश शर्मांना अंतराळातून हिंदुस्थान कसा दिसतो असं विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं इक्बालच्या उर्दू तराण्यातून. ही एवढी खरी शान गाठीला असताना उसनी अजान कशाला?

मिलादला त्या मुलीनं ग्रहणाची हकीकत सांगितली. हात वर केले नाहीत, आवाज गूँजला नाही. टाळ्या बेताच्याच पडल्या आणि बक्षीस दुसऱ्याला गेलं. एक बुजुर्ग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टरसाब, वो चाँद पे अजानवाली तकरीर अच्छी थी." आम्ही म्हणालो, "चाचा, तकरीर अच्छी थी, बात झूठी थी." ते नाराज झाले. अजून सलामाला जवाब देतात, पण जरा हळू.

ग्रुपवरही आम्ही खुलासा टाकला. मेहुण्यांनी त्याखाली पुन्हा 'सुबहानल्लाह' लिहिलं. वाचलं असेल, अशी आशा आहे.

राहता राहिला पेला. घरी सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, "अम्मी, हा पेला आता ठेवायचा हक नाही आपल्याला." अम्मींनी तो उचलून तांदळाच्या डब्यात टाकला. म्हणाल्या, "तेरी तकरीर झूठी थी, इसका माप तो सच्चा है."