कटऑफ नसलेला प्रवेश

सांगलीत ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. एखाद्याला आयआयटी मिळेल का, याचा अंदाज मला बऱ्यापैकी येतो. जेईई मेनमधून अडीच लाख मुलं ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात, मग रँक लागते, आणि कोणत्या शाखेची शेवटची रँक कुठे थांबली हे जोसाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सला खुल्या गटात ती सत्तरच्या आत असते. टेस्ट सिरीजचे मार्क पाहिले की पालकांशी नेमकं बोलता येतं.

त्यामुळे बारावीतल्या एका मुलीचे वडील जूनमध्ये भेटायला आले आणि “मॅडम, एमआयटीचा चान्स किती धरायचा?” असं विचारलं, तेव्हा त्यांना कटऑफ हवा होता. आमच्याकडे एमआयटी म्हटलं की आधी पुणंच आठवतं. तिला हवी होती अमेरिकेतली. तिथे कटऑफ नाही.

तिथे शंभर अर्जांमागे पाचेक जणांना प्रवेश मिळतो. परदेशी मुलांमध्ये प्रवेशाचं प्रमाण त्याच्याही निम्म्याच्या आसपास, कारण पदवीच्या वर्गात ती साधारण दहा टक्केच असतात. वडिलांना मी हे सांगितलं, आणि हा आकडा सगळ्या अर्जांचा आहे, तुमच्या मुलीचा नाही, हेही सांगितलं. मुलगी गणित ऑलिंपियाडची आरएमओ पार करून पुढच्या आयएनएमओला बसलेली. अभ्यासात ती त्या पातळीची आहे, असं मी ठामपणे म्हटलं. पण त्या पातळीची मुलं जागांच्या कितीतरी पट असतात. सॅट तिथे २०२२पासून पुन्हा सक्तीची झाली. तिच्यात गणिताला आठशेपैकी आठशे मिळाले तरी दार उघडत नाही. फार कमी मिळाले तर अर्ज मागे पडतो, एवढंच.

पैशाचा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, मीच काढला. ते पतसंस्थेत नोकरीला. तिथला वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशी मोजकीच विद्यापीठं परदेशी मुलाची निवड करताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेएवढी मदत देतात. इतर अनेक ठिकाणी मदत मागितली की परदेशी अर्जदाराची शक्यता घटते. हे न तपासता दहा-बारा अर्ज भरायला लावणं मला पटत नाही. आम्ही यादी लहान ठेवली.

खरं काम होतं शिफारसपत्रांचं. एमआयटीला दोन पत्रं लागतात: एक गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषेच्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं. आमच्या सायन्सच्या वर्गात हे दुसरं पत्र कुणी लिहायचं? मार्क जास्त पडतात म्हणून बहुतेक मुलं मराठी सोडून आयटी घेतात, आणि इंग्रजीच्या तासाला क्लासचा गृहपाठ उरकतात. हिने मराठी ठेवलं होतं. मराठीच्या सरांना मी विचारलं, तिच्याबद्दल काय आठवतं? त्यांना प्रकल्प आठवला. आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या आणि प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजून तक्ता केला होता. आजी गाताना कुठली अक्षरं लांबवते, त्याच्या खुणांसकट. सरांनी तेच लिहिलं, साध्या इंग्रजीत.

माझ्या पत्रात मी भूमितीचा एक प्रश्न सांगितला. तिचं उत्तर बरोबर होतं, मी टिक केली होती. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन परत आली. रचना केलेला बिंदू वर्तुळाच्या बाहेर गेला तर आपली सिद्धता टिकत नाही, हे तिचं तिलाच रात्री सापडलं होतं. ‘हुशार, कष्टाळू, शिस्तप्रिय’ हे तीन शब्द वर्गातल्या चाळीस मुलांना लागू पडतात. ती वही एकटीची होती.

जानेवारीत अर्ज गेला, लगोलग जेईई मेन, मग बोर्ड. एमआयटी निकाल देते चौदा मार्चला, पाय या संख्येच्या दिवशी, तिथल्या संध्याकाळी ६:२८ला. आपल्याकडे तेव्हा पंधरा तारखेची पहाट होते, ३:५८ची. नकार आला. वडिलांनी विचारलं, “कुठं कमी पडली?” मी म्हटलं, कमी पडली असं मानायला माझ्याकडे काहीही आधार नाही. ते नकाराचं कारण कळवत नाहीत, आणि जे कळलेलं नाही ते मी रचून सांगणार नाही. मे महिन्यात तिने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दिली. आज ती तिथेच गणित शिकते.

गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. मुलाची निवड होईल का, हे आपल्याला सांगता येणार नाही. पण ते मूल कसं आहे, हे आपल्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं. अकरावीपासून एक वही ठेवा. मुलाने विचारलेला प्रश्न, खोडून पुन्हा लिहिलेलं उत्तर, हट्टाने पूर्ण केलेला प्रकल्प तिच्यात तारखेसह टिपा. भाषेच्या शिक्षकांनी तर नक्कीच.