आयनांबराच्या सोबतीने

घाटकोपरच्या चाळीत आमच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. बुधवारी रात्री आठला वडील बटण केसभर फिरवत, सुई शॉर्टवेव्हवर सिलोनला लागे आणि ‘बिनाका गीतमाला’तला अमीन सायानींचा आवाज कधी जवळ येई, कधी लांब जाई. त्या कार्यक्रमाची टेप मुंबईतच तयार होऊन कोलंबोला जायची. आमच्याच शहरातला आवाज सुमारे दीड हजार किलोमीटरवरून आभाळमार्गे घरी यायचा.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताना त्याचं कारण कळलं. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. साधारण ६० किलोमीटरपासून वर शेकडो किलोमीटर पसरलेलं हे आयनांबर शॉर्टवेव्ह लहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे धाडतं. त्याचा सगळ्यांत खालचा थर दिवसा मीडियमवेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, म्हणून लांबची स्टेशनं रात्री लागतात.

घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमानं लहानपणापासून पाहत आलो. अरबी समुद्रावर दूर गेलेल्या विमानापर्यंत सरळ रेषेत जाणारा व्हीएचएफ रेडिओ पोहोचत नाही. तिथे वैमानिक मुंबईशी एचएफवर, म्हणजे आयनांबराच्याच भरवशावर बोलतात, आणि रात्री फ्रिक्वेन्सी खाली आणतात.

आता अंधेरीत मोबाइलच्या नकाशावर गल्ली शोधतो. उपग्रहाचे संदेश याच थरातून येताना रेंगाळतात आणि जागा काही मीटरने चुकू शकते. रिक्षाने जाणाऱ्याला ते चालतं, ढगांतून उतरणाऱ्या विमानाला नाही. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जात असल्याने आपल्याकडे आयनांबर फार चंचल आहे. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ उभारलं. नागपूरसह १५ केंद्रं जीपीएसचे संदेश सतत तपासतात आणि या उशिराची दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानांना मिळते.

ही मोजणी आपल्या मातीत जुनी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होत होती. विजेच्या ट्रामचा अडथळा होणार म्हणून ते काम अलिबागला नेलं, तिथे १९०४ पासून ते चालू आहे. चुंबकसुईचा रोजचा बारीक हेलकावा मुख्यतः आयनांबरातल्या विद्युतप्रवाहांमुळेच असतो. आपल्या उपनगरांतल्या शाळांच्या सहली अलिबागचा किनारा पाहून परततात. शिक्षकांनी रीतसर परवानगी काढून मुलांना ही वेधशाळाही आवर्जून दाखवावी.