रोवणी आणि बोटांतल्या चिखल्या



रोवणी तोंडावर आली. पऱ्हे, खत, मजुरी यावर सगळेच लिहितात. आज मी रोगावरच लिहितो, पण धानाच्या नाही, धान लावणाऱ्याच्या पायाच्या. आपल्याकडं याला धावरं म्हणतात, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. एक पाय एकाएकी लाल होतो, सुजतो, गरम लागतो. हुडहुडी भरून ताप येतो. जांघेत अवधाण येतं. बरेच जण ही बाहेरची बाधा समजतात नि झाडफूक करत बसतात. बाधा वगैरे काही नाही. हा जिवाणूंचा रोग आहे.

धानवाल्याला समजावायला सोपं आहे. कडा करपा कसा येतो? तोही जिवाणूच. पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून नाहीतर जखमेतून शिरतो. म्हणून जिथं करपा येतो तिथं पऱ्ह्याचे शेंडे खुडून लावू नका म्हणतात. वर युरिया जास्त झाला, पाणी तुंबून राहिलं की तो पसरतो. पायाचंही तसंच. हे जिवाणू एरवीही माणसाच्या कातडीवर असतात. कातडी धड आहे तोवर बाहेरच राहतात. त्यांना शिरायला दार लागतं.

दार म्हटलं की आपल्याला काटा, विळा, खिळा आठवतो. ती दारं आहेतच. टाचेच्या भेगा, खाजवून सोललेली कातडी, किडा चावल्याची जागा हीही आहेत. पण रोवणीतलं सगळ्यात मोठं दार म्हणजे बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या. कातडी दिवसभर पाण्यात भिजून पांढरी, मऊ पडते, त्यावर बुरशी धरते, मग चीर जाते. ती दिसत नाही, कारण बोटं फाकवून कोण पाहतो?

माझे चुलत मोठे भाऊ. आठ वर्षांपासून शुगर, पोटरीच्या शिरा फुगलेल्या. गेल्या साली रोवणीत चिखल्या झाल्या. मी म्हटलं, भाऊ, दोन दिवस बांधीत उतरू नका. ते म्हणाले, "एवढ्याशा चिखल्यानं काय होते जी!" चौथ्या रात्री थंडी वाजून ताप आला. घरच्यांनी दोन दिवस धावरं उतरवणाऱ्याकडं नेलं, गेरूचा लेप लावला. तिसऱ्या दिवशी लाली गुडघ्यापर्यंत चढली, नडगीवर फोड आले. तेव्हा दवाखाना. डॉक्टरांनी आधी पायाची बोटं फाकवली, बॅटरी मारली नि करंगळीजवळची चीर दाखवली, "इथून शिरलं." बारा दिवस भरती, सलाइनमधून औषधं. पाय वाचला. पऱ्हे मात्र जून झाले, रोवणी मागं पडली. सूज अजून पूर्ण उतरली नाही.

ही राहिलेली सूजच पुढचा धोका आहे. आपल्या शिरांसोबत अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. धावरं एकदा झालं की त्या खराब होतात, पाणी तुंबतं, नि तुंबलेल्या पायात जिवाणूंचं फावतं. म्हणून ज्याला एकदा झालं त्याला परत होण्याची भीती जास्त. हत्तीपाय असलेल्याला जो अधूनमधून ताप येऊन पाय लाल होतो, तोही बहुतेक वेळा कातडीच्या चिरेतून शिरलेल्या जिवाणूंमुळं. आपला पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा पट्टा आहे. आरोग्यवाले गोळ्या द्यायला आले की मुठीत लपवू नका, त्यांच्यासमोर गिळा.

तर जास्त जपायचं कोणी? ज्यांना आधी धावरं झालं, ज्यांच्या पायाला कायम सूज आहे, शिरा फुगल्या आहेत, वजन जास्त आहे, शुगर आहे. शुगरवाल्याचा पाय बधिर झाला असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही, नि जखम लवकर भरत नाही.

गमबूट घाला म्हणणं सोपं आहे. चिखलणी केलेल्या बांधीत बूट फसतो, पाऊल निघत नाही. त्यामुळं जमण्यासारखंच सांगतो.

बांधीतून निघाल्यावर चांगल्या पाण्यानं, साबणानं पाय धुवा. मग बोटांच्या बेचक्यात कापड फिरवून कोरडं करा. धुण्याइतकंच पुसणं महत्त्वाचं. चिखल्या असतील तर डॉक्टरांना दाखवून बुरशीचं मलम लावा. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" मागून आणू नका. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आत वाढत जाते. चिरेवर ग्रीस, जळकं ऑइल लावू नका. झोपताना सूज असलेल्या पायाखाली उशी घ्या.

लाली दिसली तर तिच्या कडेनं पेनानं रेघ मारा नि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेघेबाहेर लाली गेली, फोड आले, कातडी काळी पडली, ताप चढला, तर रात्र काढू नका. मालिश करू नका. गोळ्या दिल्या तर सांगितलेले सगळे दिवस घ्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका.

आणखी एक. रोवणी मुख्यतः बायाच करतात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून, पाणी-चिखलात. चिखल्या झाल्या तर मेंदी लावून दुसऱ्या दिवशी हजर, कारण मजुरी बुडते. त्या तोंडानं सांगणार नाहीत. माझ्या धुऱ्यावर बोअरच्या पाण्याची बादली, साबण नि जुन्या धोतराची फडकी ठेवलेली असतात. पहिल्या दिवशी बाया हसल्या. तिसऱ्या दिवशी फडकी कमी पडली. जिला जास्त चिरा, तिला पऱ्हे खुदायला न लावता पेंढ्या बांधायला बसवतो, मजुरी तीच.

एकरी हजारोंचा खर्च आपण करतोच. त्यात एक साबण नि चार फडकी काही जड नाहीत. तुमच्याकडं याहून चांगली काही सोय केली असेल तर खाली लिहा. आणि आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची, म्हाताऱ्यांची आधी, पायाची बोटं फाकवून एकदा बघा.