चाकाचा आवाज आणि जबाबदारी निश्चिती

शासकीय कामकाजात 'जबाबदारी निश्चित करणे' हा एक आवडता वाक्प्रयोग आहे. काही बिघडले की प्रथम फाइल मागवली जाते आणि तिच्यावर शेवटची सही कोणाची आहे हे पाहिले जाते. बिघाड त्या सहीमुळे झाला की केवळ त्या सहीनंतर झाला, हा भेद करण्याइतकी सवड बहुधा कोणाला नसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण आपल्या सर्वांना पाठ असते. संस्कृतातही काकतालीय न्याय प्रसिद्ध आहे. तरीही चौकशी होते ती कावळ्याचीच.

या भेदाचे महत्त्व मला मध्यंतरी एका अगदी घरगुती प्रसंगात पाहावयास मिळाले. दिल्लीत आमच्या गाडीचे टायर झिजले होते. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे आणि आमचे टायर त्या मर्यादेच्या जवळ पोहोचले होते. भाचीच्या लग्नासाठी ग्वाल्हेरला जावयाचे होते. वाटेत यमुना द्रुतगती मार्ग आणि गाडीत वृद्ध आई. म्हणून चारही टायर बदलून घेतले. दुसऱ्याच दिवशी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गाडीतून एकसुरी घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाजही वाढे. लग्न चार दिवसांवर आले होते.

टायरच्या दुकानात परत गेलो. मालक प्रथम म्हणाला, "साहब, नये टायर हैं, दो-चार सौ किलोमीटर में बैठ जाएँगे." माझे समाधान झाले नाही हे दिसताच त्याने पवित्रा बदलला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवले. "इसी ने लगाए थे. इसकी दिहाड़ी काट लूँगा." मुलगा महिन्याभरापूर्वीच कामास लागलेला. तो काही बोलला नाही. आवाज कोठून येतो हे अद्याप कोणी पाहिलेही नव्हते. पण जबाबदारी निश्चित होऊन शिक्षाही ठरली होती. मी म्हटले, दिहाडीचे नंतर पाहू, आधी चाके पाहू.

त्या मुलावरील संशय अगदीच निराधार होता असे मात्र नाही. चाकाचे नट एकाशेजारचा दुसरा असे न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे लागतात. बहुतेक लहान मोटारींत त्यासाठी १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. शिवाय ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावेत असा संकेत आहे, कारण हबवरील गंज किंवा माती दबली की घट्ट बसलेला नटही सैल पडू शकतो. सैल नट म्हणजे धावत्या गाडीचे चाक निखळण्याचा धोका. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आणि जवळजवळ फुकट; म्हणून ती सर्वांत आधी. सर्व नट घट्ट निघाले. हवेचा दाब योग्य होता. बॅलन्सिंग चुकले असते तर विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरले असते. ते स्थिर होते.

त्यानंतर आमच्या वसाहतीजवळील एका जुन्या मिस्त्रींना शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला क्षणभर गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावयास सांगितले. (अशा वेळी इंजिन मात्र बंद करू नये, ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य जाते.) इंजिनाचे फेरे उतरले, आवाज तसाच राहिला, म्हणजे दोष इंजिनाचा नव्हे, चाकांच्या बाजूचा. मग डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेलो. टायरची घरघर रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलते. इथे रस्त्याची खरखर वाढली, पण तिच्याखालचा तो घुमणारा सूर बदलला नाही. शेवटी वळणे घेतली. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. डाव्या वळणावर आवाज वाढला, उजव्या वळणावर मंदावला.

परत आल्यावर मिस्त्रींनी उजव्या बाजूचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे बसवले व पुन्हा फेरी मारली. चाक मागे गेले, आवाज पुढेच राहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मागणीच्या नियमाबरोबरच 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द भेटतात. धोरणाच्या जगात इतर परिस्थिती सहसा कायम राहत नाही. मिस्त्रींनी ती दोन जॅकच्या साहाय्याने कायम ठेवून दाखवली. पुढील उजवे चाक उचलून एका हाताने फिरवले आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला, तेव्हा बोटांना स्पष्ट खरखर जाणवली. बेअरिंग गेले होते.

मग आवाज टायर बदलल्यावरच का आला? झिजलेल्या टायरांची घरघर इतकी होती की बेअरिंगचा सूर तिच्यात बुडून गेला होता. नव्या, शांत टायरांनी तो निर्माण केला नाही, फक्त ऐकू येऊ दिला.

प्रशासनात हे वरचेवर घडते. केंद्र शासनाने २००७ साली 'सीपीग्राम्स' ही संगणकीय तक्रार प्रणाली सुरू केली. तक्रार नोंदवणे सोपे झाले की नोंदलेल्या तक्रारींचा आकडा वाढावा, हे स्वाभाविक आहे. तो आकडा पाहून कार्यालय बिघडले असा निष्कर्ष काढणे म्हणजे नव्या टायरला दोष देणे होय. एखादा नवा अधिकारी नोंदी नीट ठेवू लागतो, थकबाकी प्रथमच कागदावर दिसते आणि थकबाकी त्याच्याच काळात वाढली असा शेरा त्याच्या वाट्याला येतो.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. 'हा दोष जुनाच होता, आमच्यामुळे फक्त उघड झाला' ही सबब कोणीही पुढे करू शकतो. म्हणूनच आधी नट तपासावयाचे. जे सर्वांत घातक आणि तपासावयास सर्वांत स्वस्त, ते प्रथम. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे. आणि नाव घेणे सर्वांत शेवटी.

बेअरिंग त्याच दिवशी बदलले आणि आम्ही ग्वाल्हेरला वेळेवर पोहोचलो. निघण्यापूर्वी दुकानात जाऊन, तो मुलगा समोर असताना, मालकाला सर्व सांगितले. दिहाडी कापली गेली नव्हती. मुलाने न सांगता स्टेपनीची हवा तपासून दिली. विभागीय चौकशीत अशाच घाईने वेतनवाढ गमावलेल्या कारकुनाकडे परत जाऊन असे सांगणारा सहसा कोणी नसतो.