सुरुवात कोठून धरायची?

भूगोलाच्या क्षेत्रभेटीला आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो, तेव्हा माझ्या हाती टेप आली आणि मैत्रिणीच्या हाती वही. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, एवढेच मी ऐकले होते. स्वतःच्या छातीशी टेप धरून सात-आठ ऐन मोजूनही टाकले! सर हसून म्हणाले, "अगं, छाती तुझी नव्हे. जमिनीपासून 1.37 मीटर." मी बुटकी, माझ्या उंचीवर खोड अधिक जाड लागते. घेर एक दशांशाने जास्त धरला, तर गणितात झाडाचे वजन सुमारे पाव हिश्श्याने फुगते. वाळल्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन. म्हणजे माझ्या बुटकेपणाने रानाला केवढे दान केले असते!

रान पुढे किती कार्बन साठवील याचा हिशोब संगणकावर मांडतात. त्याला आरंभीची शिल्लक लागते: खोडे, मुळे, पाचोळा, माती, साऱ्यांची. मोजमाप नसेल तेव्हा सोपी वाट अशी, की उजाड जमिनीपासून सुरुवात करून तेच ऊन-पाऊस शेकडो वर्षे फिरवत राहायचे. आवक-जावक समान झाली, की तो आजचा दिवस धरायचा. जुनी देणीघेणी सारी फिटली असे समजून नवी वही घालण्यासारखेच हे!

परतताना एका पाड्यावर पाणी मागितले. तांब्या देताना आजींनी विचारले, "काय मोजता गं पोरींनो?" आम्ही झाडे दाखवली. "ती होय? ती माझ्या देखत उगवली. आमची नाचणी व्हायची तिथं."

मी चपापले. संगणकाने तेथे पुरे वाढून स्थिरावलेले रान धरले असते. हे तर अजून वाढते आहे, कार्बन ओढते आहे. शिवाय मातीतला कार्बन फार सावकाश बदलतो. तेथली आरंभीची चूक हिशोबात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळते. नांगर कधी थांबला, हे टेपला कोठून कळणार?

"आजी, किती वर्षं झाली?"

"साल नाही ठाऊक. शेत सोडल्यावर कारवी पाचदा फुलली."

कारवी येथे साधारण आठ वर्षांनी फुलते. 2024 साली फुलली, त्याआधी 2016 साली. मैत्रीण बोटांवर मागे मोजत गेली: पाचवा फुलोरा 1992 च्या सुमाराचा. नाचणी थांबली ती त्याच्या थोडी आधी.

सरांना सांगितले, तेव्हा ते वहीत बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तर मग नाचणीच्या शेतापासूनच सुरू करू." मी घेराच्या शेजारी एक रकाना आखला आणि वर लिहिले, 'आधी काय होते?'