सहाशे डिग्री

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि विषय काय, तर गाडीच्या इंजिनाला रंग कसा द्यावा! ज्यांना गाडीत फक्त बसायला आवडतं त्यांनी लगेच पळू नये, मध्ये थोडं घरगुतीही आहे. ताई, तू मात्र शेवटपर्यंत वाच. यातली अर्धी गोष्ट तुझ्या लग्नाची आहे आणि ती तुला आजवर कुणी सांगितलेली नाही.

आमच्या अक्कलकोटच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी ती 1991 साली सोलापूरच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. कचेरीतल्या कारकुनाने गाडी घ्यावी हे तेव्हा गल्लीला जरा जास्तच वाटलं होतं. अण्णांचा हिशोब वेगळा. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असली तरी तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, 1882 साली इथंच जन्मलेले. म्हणजे गाडी आपल्याकडचीच. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे ऐकावं लागे. गुरुवारी दर्शनाला येणारे नातेवाईक आधी वटवृक्षाला आणि मग पद्मिनीला प्रदक्षिणा घालतात, असं आई म्हणायची.

1998 मध्ये ताईचं लग्न ठरलं आणि अण्णांनी गाडी विकायला काढली. आम्हाला सांगितलं, "आता चालवायला झेपत नाही." मी तेव्हा सोलापुरात कॉलेजला. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. शनिवारी मी बॉनेट उघडलं तर इंजिन तेलाने काळंकुट्ट, आणि त्याच्या कडेचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा जाड नळ, गंजून तांबडा झालेला. म्हटलं, अण्णांना सरप्राईज देऊ. घासलेटने सगळं पुसलं, वर रेड ऑक्साईड मारला आणि खिडकीच्या गजांना लावून उरलेल्या चांदीच्या रंगाचे तीन दणदणीत हात दिले. काय चकाकत होतं म्हणून सांगू!

गिऱ्हाईक आलं. खूष दिसलं. "चालू ठेवा थोडा वेळ," म्हणालं. पाच मिनिटांत जळका वास सुटला. दहा मिनिटांत बॉनेटखालून धूर, आणि रंगावर पापडासारखे फोड. फोड फुटून खालचा गंज दिसायला लागला. गिऱ्हाईक वाकून बघत म्हणालं, "साहेब, इथं काय झाकलंय? तडा गेलाय का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या नखांत चांदी होती. मग ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "रंग मीच लावलाय. झाकलेलं काही नाही. पण तुम्हाला शंका आलीय ना, मग घेऊ नका."

अण्णांनी आयुष्यात एक रुपयाही इकडचा तिकडे केला नव्हता. त्या माणसाने चारचौघांत त्यांना लबाड ठरवलं आणि ते निमूट ऐकून घेतलं. मला नंतर एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसरं गिऱ्हाईक त्यांनी बघितलंच नाही. लग्न व्यवस्थित झालं. पैसे कुठून आले हे मला 2002 मध्ये कळलं. ते रिटायर झाले तेव्हा कागद लावता लावता पतसंस्थेच्या कर्जाचं पासबुक हाती लागलं. शेवटचा हप्ता त्याच वर्षी फिटला होता. असो.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. ती बातमी वाचल्यापासून अण्णांनी फोनवर एकच धोशा लावला, गाडी सुरू करायची. ते आता 81 वर्षांचे आहेत. नको कसं म्हणणार? यंदा मे महिन्यात आठवड्याची रजा काढून गेलो. मेस्त्रींनी ब्रेक, कार्बुरेटर, वायरिंग बघितलं. मॅनिफोल्ड मी मागून घेतला. म्हटलं, हे काम माझं.

आता जरा शास्त्र. मी 1998 साली केलेली प्रत्येक गोष्ट चुकीची होती, हे मला पुढे वाचल्यावर कळलं. इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याभोवती पाणी खेळतं, त्यामुळे तो साधारण शंभर डिग्रीच्या आसपास राहतो. तिथे चांगला इंजिन इनॅमल टिकतो. मॅनिफोल्डला पाणी नाही. तो दमवला तर पाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत जातो, अंधारात बघितला तर मंद लाल दिसेल इतका. साध्या ऑईलपेंटचा चिकटपणा ज्या राळेमुळे असतो ती कार्बनची. दीड-दोनशे डिग्रीच्या पुढे ती पिवळी पडते, मग काळी, मग सरळ जळते. रेड ऑक्साईडचंही तेच, म्हणजे वरचा रंग टिकणारा असता तरी खालची जमीनच निघून गेली असती. आणि घासलेटने पुसलं की तेलकट थर मागे राहतो तो राहतोच.

उष्णतेला टिकणारा जो रंग असतो त्यात सिलिकॉनची राळ असते. तिचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, वाळूत आणि काचेत असतो तोच. आई चुलीवर ठेवायच्या पातेल्याला बाहेरून मातीचा लेप द्यायची, आठवतं? माती जळत नाही, कारण तिला जेवढा ऑक्सिजन घ्यायचा तेवढा तिने आधीच घेतलेला असतो. इथेही तसंच. राळेतला जळण्यासारखा भाग जळून जातो आणि मागे वाळूच्या जातीचा थर ॲल्युमिनियमच्या चकत्यांना धरून बसतो. सहाशे डिग्रीपर्यंत.

हा रंग अक्कलकोटात मिळाला नाही. सोलापुरात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कुठला कारखाना?" साखर कारखान्यांचे लोक बॉयलरच्या आणि चिमणीच्या कामाला नेतात म्हणे. पद्मिनीसाठी म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. लहानात लहान डबा एक लिटरचा. मला लागणार होता चहाच्या कपभर.

रंग लावायला वीस मिनिटं लागली, खरवडायला दोन दिवस. 1998 ची चांदी खाचाखोचांत अजून होती! तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, परत ब्रश. बीड करडं उघडं दिसेपर्यंत. मग थिनरने पुसायचं आणि नंतर बोट लावायचं नाही. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शेजारचे काका येऊन "काय करूलालास रे?" विचारून गेले, त्यांना अण्णांनीच परस्पर उत्तर दिलं, "भांडी घासतोय." रंगाचे दोनच हात, तेही इतके पातळ की खालचं बीड दिसतंय की काय वाटावं. एक हात वाळून वीस-पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. जाड दिला की आतलं थिनर अडकतं आणि तापल्यावर फोड.

एवढं करूनही तो रंग नुसता वाळतो, पिकत नाही. नख मारलं तर निघतो. त्याला दोनशेच्या आसपास भाजावं लागतं. अक्कलकोटचं मे महिन्यातलं ऊन कितीही मिजास करो, तिथपर्यंत पोचत नाही. मग गाडीच भट्टी. इंजिन आधी थोडा वेळ चालवायचं, बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं, मग जास्त वेळ, परत गार, आणि मग रस्त्यावर.

मेस्त्रींनी मॅनिफोल्ड बसवला. चावी मी फिरवली. पद्मिनी दोनदा खोकली आणि लागली. अण्णा घड्याळ घेऊन उभे. सातव्या मिनिटाला वास आला, आणि मॅनिफोल्डवरून पांढरा धूर.

मला माहीत होतं की पहिल्यांदा धूर येतोच. डब्यावरसुद्धा लिहिलं होतं. तरी माझा हात चावीकडे गेला. अण्णा म्हणाले, "राहू दे. दहा झाली नाहीत अजून."

दहा झाली. बंद केली. टॉर्च मारून बघितलं, फोड नाही. गार होईपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसलो, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, तेव्हा गिऱ्हाइकाला रंग मी लावलाय असं का सांगितलंत?"

"कुठलं गिऱ्हाईक?" ते म्हणाले.

विसरले होते की विसरल्यासारखं केलं, कळलं नाही. मग विचारतात, डब्यात रंग किती उरला. म्हटलं, जवळजवळ सगळाच. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोड स्टेशनपर्यंत जाऊन आलो, अण्णा पुढच्या सीटवर. येताना त्यांनी एक ब्रश विकत घ्यायला लावला.

ताई, कर्जाचं त्यांच्याकडे काढू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा परसात बंबाचा धूर बाहेर नेणारा पत्र्याचा पाईप बघ. चंदेरी आहे. फोडबीड काही नाही.