अमेरिकेची कॅसेट आणि दादांची आंब्याची झाडं

आमच्या घरी एक व्हिडिओ कॅसेट तीस वर्षांहून जास्त काळ कपाटात पडून होती. ती कुणी धड पाहिलीच नव्हती. गेल्या महिन्यात पाहिली. त्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

१९९२ च्या चैत्रात माझे धाकटे काका अमेरिकेहून गावच्या यात्रेला आले होते. खांद्यावर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागं आम्हा पोरांची झुंबड. दोन दिवस त्यांनी दिसेल ते शूट केलं. बैलगाड्यांचा घाट, पालखी, आमची विहीर, रान, आणि माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. परत गेल्यावर त्यांनी तिकडं त्याची कॅसेट केली आणि काही महिन्यांनी कुणाच्या तरी हाती पाठवून दिली.

त्या दिवाळीत दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) चाकणहून व्हिडिओ आणि कलर टीव्ही भाड्यानं आणला. एका रात्रीचं भाडं, सोबत दोन पिक्चरच्या कॅसेट. जुन्या लोकांना आठवत असेल ती पद्धत. आधी आपली कॅसेट लावायची ठरलं. आळीतली माणसं ओट्यापर्यंत येऊन बसलेली. कॅसेट आत गेली आणि पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. चित्र सारखं वर पळतंय, रंगाचा पत्ता नाही, आवाज जाड आणि संथ, भूत बोलल्यासारखा. व्हिडिओवाल्या पोरानं ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहिलं आणि निकाल दिला, "पावण्यांनी कॅसेटच खराब पाठवलीय." माणसं हसली. बाबा न बोलता उठून गेले. मग पिक्चर लागला.

बाबा १९९५ ला गेले.

पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. चाकणला एमआयडीसी वाढत गेली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली, भांबोली, एकेका गावाचं रान टप्प्याटप्प्यानं संपादनात गेलं. २००५ च्या सुमारास आमचंही गेलं. पंचनाम्यात आमच्या बांधावरची आंब्याची झाडं लिहिली सहा. दादा म्हणाले, अकरा. झाडांचे पैसे वेगळे मिळतात, त्यामुळं हा नुसता आठवणीचा प्रश्न नव्हता. पण दादांना पैशापेक्षा जास्त हे लागलं होतं की, आपल्या बापानं लावलेली झाडं कागदावर नाहीतच. हरकत घ्यायची तर पुरावा काय? फोटो एकही नाही. आमच्याकडं फोटो काढायचा तो लग्नात, झाडांचा कोण काढतो?

दादांना कॅसेट आठवली. "त्यात सगळं रान आलंय," म्हणाले. मी तेव्हा नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून कामाला लागलेलो, घरातला शहाणा. कॅसेट घेऊन मी पुण्यात एका दुकानात गेलो. दुकानदारानं पैसे घेतले, चार दिवसांनी सीडी दिली. सीडीत तेच. काळं-पांढरं, हलणारं, वर पळणारं. "कॅसेट खराब आहे साहेब." मी घरी येऊन तेच दादांना सांगितलं. हरकत मागं पडली. पुढं घरात चेष्टाच झाली, दादांची झाडं दरवर्षी वाढतात म्हणून. त्या चेष्टेत मीही होतो.

कॅसेट खराब नव्हती, हे मला दादा जाऊन सहा वर्षं झाल्यावर कळलं.

पिंपरी कॅम्पात माईकची वायर घ्यायला गेलो होतो. तिथं एक वयस्कर टीव्ही मेकॅनिक बसतात. दुकान म्हणजे चार फुटांची फट, आत व्हीसीआरचे सांगाडे रचलेले. सहज विषय काढला. त्यांनी कॅसेट आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी नेली तर हातात घेऊन, नुसतं लेबल वाचून म्हणाले, "अमेरिकेची का?"

मी चाट पडलो. लेबलवर 'टी-१२०' लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या कॅसेटींवर 'ई-१८०' असायचं. डबा तोच, फीत तीच, म्हणून ती कुठल्याही मशिनमध्ये आरामात जाते आणि तिथंच माणूस फसतो. "पेट्रोलच्या गाडीत डिझेल ओतलं तर टाकी तक्रार करत नाही, इंजिन करतं," असं ते म्हणाले. चाकण-भोसरीच्या माणसाला यापेक्षा सोपं समजावणं नाही.

भानगड अशी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेतली ६० वेळा. टीव्ही नवा होता तेव्हा तिथल्या-तिथल्या इंजिनियर लोकांनी चित्राचा वेग विजेशी जुळवून घेतला. म्हणून आपल्याकडं सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, तिकडं ३० च्या आसपास. आपलं चित्र ६२५ ओळींचं, त्यांचं ५२५ ओळींचं. वर रंग भरायची रीतही निराळी. अमेरिकेनं रंगीत टीव्हीची पद्धत १९५३ मध्ये ठरवली, ती एनटीएससी. जपान आणि दक्षिण कोरियानं तीच घेतली. जर्मनांनी तिच्यातल्या खोडी काढून पाल नावाची पद्धत केली. १९८२ ला, एशियाडच्या वर्षी, आपल्याकडं रंगीत टीव्ही आला तो या पाल पद्धतीचा. म्हणजे १९९२ च्या दिवाळीत आमच्या ओट्यावर दोन देशांचे विजेचे आकडे भांडत होते आणि आम्ही काकांच्या कॅसेटला नावं ठेवत होतो.

मग २००५ च्या दुकानदाराचं काय चुकलं? त्याचा व्हीसीआर मल्टिसिस्टिम असावा, कारण चित्र थोडंफार दिसत होतं. पण कॉम्प्युटरला जोडलेला डबा 'पाल' वर सेट होता. मेनूतली एक ओळ बदलायची होती. त्यानं बदलली नाही, आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मी त्या फटीत स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो.

मेकॅनिककाकांनी लगेच कॅसेट लावली नाही. खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसत होते. बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटींचं हेच होतं. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी मशिनच्या हेडला लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटीतही जाते. त्यांनी ती आठ दिवस ठेवून घेतली, सावकाश पुसून काढली. मग एनटीएससीवर चालवून, आहे तशी, त्याच वेगात कॉम्प्युटरवर घेतली. हा त्यांचा आग्रह होता. पालमध्ये बदलून घेऊ नका, म्हणाले, त्याची आता गरजच नाही. मोबाईल आणि लॅपटॉपला दोन्ही चालतं. तीसची पंचवीस करताना साधा सॉफ्टवेअरवाला दर सहा चित्रांतलं एक गाळून टाकतो, मग पळणारे बैल उचक्या दिल्यासारखे दिसतात.

घरी लॅपटॉप लावला. आई, मी, बायको, पोरं.

पहिलीच फ्रेम घाटाची. घोडी पुढं, मागं बैल, धुरळा, भोंग्यावर गाडामालकाचं नाव. माझ्या थोरल्या पोराचं लहानपण २०१४ ते २०२१ च्या बंदीच्या काळात गेलं, त्यानं आपल्या गावचा घाट भरलेला पाहिलाच नव्हता. तो घाट जिथं होता तिथून आता कंपनीचे कंटेनर वळतात. मग पालखी. मग विहीर, आणि विहिरीवर बाबा. कॅमेऱ्याकडं संशयानं बघत काकांना विचारतात, "काय रं, ह्यात आवाज बी येतो का?"

येतो बाबा.

आईनं तेवढंच चार वेळा लावायला सांगितलं.

मग रान आलं. काकांनी बांधावरून कॅमेरा सावकाश फिरवलाय. मी थांबवून मोजलं. पोरानं मोजलं. नऊ. नववं झाड अर्धं दिसतं आणि तिथं शॉट तुटतो, पुढं बैलपोळीचा गोठा सुरू होतो.

पत्रकार म्हणून प्रामाणिकपणे लिहितो, यातून सिद्ध काही होत नाही. १९९२ ते पंचनामा यात तेरा वर्षं गेली, वादळात झाडं पडतात, विकलीही जातात. तेव्हा ही कॅसेट दाखवली असती तरी कुणी मान्य केली असती का, सांगता येत नाही. पण सहा नव्हती, हे घरात तरी कबूल झालं. आई एवढंच म्हणाली, "ते काय खोटं बोलायचे का?" मी मान खाली घातली.

आता मुद्द्याचं. गावाचं सरकारी रेकॉर्ड म्हणजे सातबारा आणि गटाचा नकाशा. कुणाचं किती हे त्यात कळतं, कसं होतं हे कळत नाही. चाकण पट्ट्यातली गावं कारखान्यांआधी कशी दिसायची, ओढा कुठून वाहायचा, घाट कुठं भरायचा, हे हलत्या चित्रात उरलंय ते फक्त लोकांच्या कपाटांत. यात्रेच्या, लग्नाच्या, सत्कारांच्या कॅसेटींत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण त्यांचं काम सिनेमाचं. आपल्या यात्रेचं कोण बघणार? एका जुन्या शूटिंगवाल्यानं मला सांगितलं की दुकान बदलताना त्यानं दोन पोती कॅसेट भंगारात दिल्या. त्यात किती गावं गेली असतील?

आणि वेळ फार उरलेली नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी, फुनाई, तिनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या उपक्रमातून इशारा आला होता की, २०२५ च्या आसपास जुन्या फिती वाचणारी मशिनं आणि सुटे भाग मिळणं बंद होत जाईल. मेकॅनिककाकांकडं एनटीएससी चालवणारं एकच मशिन आहे. त्याचा पट्टा सैल झालाय.

आपल्या भागात सीएसआरच्या पैशातून कमानी होतात, बाकडी होतात, पाण्याच्या टाक्या होतात. होऊ द्या. पण महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात किंवा चाकण नगरपरिषदेत एक मल्टिसिस्टिम व्हीसीआर, एक कॉम्प्युटर आणि एक जाणता माणूस सहा महिने बसवायला असा कितीसा खर्च येणार? एका कमानीच्या रंगात भागेल. इथं जपानी, कोरियन, अमेरिकन कंपन्या आहेत, म्हणजे ज्या देशांत एनटीएससी चालायची त्यांच्याच. मी दोन लोकप्रतिनिधींशी बोललोय. एकानं विचारलं, "कॅसेट म्हणजे भजनाच्या का?" दुसऱ्यानं निवेदन मागितलंय. ते या आठवड्यात देतोय. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.

तोवर एवढं करा. घरातल्या कॅसेटी बाहेर काढा. 'टी' लिहिलेलं दिसलं, किंवा कॅसेट परदेशातल्या नातेवाइकाकडून आलेली असली, तर दुकानदाराला आधी विचारा, "एनटीएससी चालते का?" फितीवर पांढरं दिसलं तर लावूच नका. चित्र हललं म्हणून फेकूही नका. मेकॅनिककाकांचा पत्ता हवा असेल तर इनबॉक्सला या, त्यांचा नंबर इथं टाकायला त्यांनी मनाई केलीय. पावसाळ्याच्या आत या, म्हणतात.